यादीतली चौथी

विभावरी मोहितेने मंदा गजभियेला शब्द दिला तो २०१६च्या नोव्हेंबरात, आणि मोडला तो पुढच्या मे महिन्यात. मधल्या सहा महिन्यांत तिने काही वाईट केलं असं कोणी म्हटलं नाही. उलट पुढे शाळेच्या बातमीपत्रात तिच्या निःपक्षपातीपणाचं कौतुक छापून आलं.

विभावरी मूळची कोल्हापूरची. तिथे पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ, आणि सामना असला की अर्धं गाव मैदानावर. मुलींनी खेळायची पद्धत नव्हती, तरी ती खेळली. नव्वदच्या दशकात दोन वर्षं महाराष्ट्राच्या संघात हाफ होती, मधल्या फळीत. लग्नानंतर खेळ सुटला. २००६ साली नवरा श्याम याच्या नोकरीमुळे ती ऑकलंडला आली आणि पेनरोजमधल्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला लागली. २०१४ साली त्यांची मुलगी निवेदिता टिटोकी कॉलेजात नववीला गेली. इथे कॉलेज म्हणजे नववी ते तेरावीची शाळा. पहिल्याच आठवड्यात निवेदिता घरी येऊन म्हणाली, “आई, वी हॅव अ टीम, बट नो कोच.”

“मी येऊ?” विभावरीने विचारलं. इतक्या घाईने विचारलं की तिची तिलाच लाज वाटली.

त्यानंतर तीन वर्षं तिने कामाची वेळ सहा ते अडीच अशी करून घेतली होती. मंगळवारी आणि गुरुवारी तीन वाजता ती शाळेच्या मैदानावर असायची, शनिवारी सामन्याला. तिच्या हाती पहिल्या वर्षी आलेल्या पोरींना चेंडू थांबवता येत नव्हता. हॉली नावाची मुलगी गोलमध्ये उभी राहायची, कारण तिला पळायचा कंटाळा होता. विभावरीने त्यांना आधी चेंडू थांबवायला शिकवलं, मग मान वर करून बघायला, मग एकमेकींना हाक मारायला. सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधून संघ दर वर्षी एक पायरी चढत गेला, आणि २०१६च्या ऑगस्टमध्ये वरच्या डिव्हिजनला पोचला. या कामाचा तिला पगार नव्हता. वर्षाअखेर एक फुलांचा गुच्छ आणि सगळ्या मुलींच्या सह्यांचं कार्ड मिळायचं. तिला तेवढं पुरत होतं.

वरच्या डिव्हिजनची गोष्ट मात्र वेगळी होती. तिथल्या शाळा दुसऱ्या शाळांतल्या चांगल्या मुली आपल्याकडे ओढून घ्यायच्या. उघडपणे कोणी तसं म्हणत नसे. ‘अमकीला आमच्याकडे यायची इच्छा आहे’ असं म्हणायचं. मग अमकीचे आईबाप त्या शाळेच्या हद्दीत, जिथे राहिलं की प्रवेश मिळतो तिथे, घर भाड्याने घ्यायचे, आणि हंगाम सुरू झाला की अमकी नव्या रंगाच्या जर्सीत दिसायची. टिटोकीच्या मुख्याध्यापकांनीही विभावरीला बोलावून सांगितलं, “आता आपण मोठ्यांत आलो. कोणी चांगल्या मुली माहीत असतील तर बघा.”

विभावरीला एकच माहीत होती.

त्याच वर्षी जूनमध्ये हिल्सबरोकडच्या एका लहान शाळेशी सामना झाला होता. टिटोकीने तो पाच-शून्य जिंकला. पंधरा-शून्य जिंकायला हवा होता. गोलमध्ये एक उंच, सावळी, हडकुळी मुलगी होती. तिने दहा चेंडू असे अडवले की विभावरी स्वतःच्या संघाला ओरडायचं विसरून तिच्याकडेच बघत राहिली. आणि तेवढ्यात मैदानाच्या कडेला छत्री धरून उभी असलेली एक बाई ओरडली, “संघे, डावीकडं बघ, डावीकडं!”

ती मंदा गजभिये. नागपूरची. नवरा चंद्रहास पूल बांधणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर, ती स्वतः हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत. मुलगी संघमित्रा, शाळेत सगळे तिला मित्रा म्हणायचे. त्या दिवशी दोघी बायका पावसात अर्धा तास बोलल्या. निघताना मंदाने तिला डिकीतून अंबाडीची जुडी काढून दिली, घरच्या वाफ्यातली.

नोव्हेंबरात विभावरी त्यांच्या घरी गेली ती ठरवून. मागच्या अंगणात मंदाने मेथी, अंबाडी, वांगी लावली होती. चंद्रहासने चहा केला. संघमित्रा जमिनीवर मांडी घालून बसली होती, आणि विभावरी बोलत होती तसतसे तिचे डोळे मोठे होत होते.

“हिची आत्ताची शाळा खालच्या डिव्हिजनला आहे,” विभावरी म्हणाली. “तिथे हिला बघायला कोण येणार? वरच्या डिव्हिजनचे सामने निवड समितीची माणसं बघतात. अमेरिकेतल्या कॉलेजांचे लोकसुद्धा येतात. दोन वर्षं आहेत हिच्याकडे, बारावी आणि तेरावी.”

“पण ती तिथे कॅप्टन आहे,” चंद्रहास म्हणाला. “केमिस्ट्रीचे सर चांगले आहेत. मैत्रिणी आहेत.”

“बाबा, प्लीज,” संघमित्रा म्हणाली.

मंदाने चहाची बशी बाजूला सारली. मग म्हणाली, “एक विचारू, विभावरीताई? राग नका मानू. आम्हाला असं घरी येऊन कोणी बोलावत नाही. बोलावलं की मी आधी कारण विचारते.”

विभावरीला तो टोला कळला. कोल्हापूरच्या घरात गजभिये आडनावाच्या बाईला चहा कुठल्या कपात मिळाला असता, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने आवाज खाली आणला. “कारण एकच. एवढी चांगली गोलकीपर मी महाराष्ट्राकडून खेळले तेव्हासुद्धा पाहिली नाही. गोल तिचाच राहील, मंदाताई. माझा शब्द आहे.”

जानेवारीत गजभिये कुटुंबाने हिल्सबरोचं घर सोडलं आणि टिटोकीच्या हद्दीत, न्यू लिनला, दोन खोल्यांचं युनिट घेतलं. त्याला अंगण नव्हतं. पुढे गाडी लावायची सिमेंटची जागा होती. चंद्रहासला कामावर जायला आता पाऊण तास लागायचा. संघमित्रा पहिल्या दिवशी नव्या गणवेशात विभावरीसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “हाय, काकू!” मग जीभ चावून म्हणाली, “सॉरी. कोच.”

“काकू चालेल,” विभावरी म्हणाली.

त्याच महिन्यात शाळेत ग्रेग आला. पद होतं ‘डिरेक्टर ऑफ स्पोर्ट’. चाळिशीचा, हसतमुख, कायम चड्डी आणि जॅन्डल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत. पहिल्या भेटीत त्याने विभावरीला माओरी पद्धतीने ‘किया ओरा’ म्हणून हात मिळवला आणि सांगितलं की तिने तीन वर्षांत केलेल्या कामाबद्दल त्याने वाचलंय आणि तो भारावलाय. मग त्याने लॅपटॉप उघडला. त्यावर तीन मुलींचे व्हिडिओ होते. एक वेलिंग्टनची स्ट्रायकर, टेगन. एक रोटोरुआची बॅक. आणि एक कर्स्टन, ऑकलंडच्याच दुसऱ्या शाळेतली, मिडफिल्डला खेळणारी.

“तिघी येताहेत,” ग्रेग म्हणाला. “ठरलंय.”

“माझ्याशी न बोलता?”

“तू सुट्टीवर होतीस ना. स्वीट अ‍ॅज, काही बिघडलं नाही, आता बोलतोय.”

विभावरीने व्हिडिओ पाहिले. तिघी चांगल्या होत्या. तिने मनात नवा संघ मांडला, आणि मांडताना तिला आनंद झाला, हे तिने पुढे कधी नाकारलं नाही. मग तिला नियम आठवला. ही ओढाओढी आटोक्यात राहावी म्हणून स्पर्धेने एक नियम केला होता: दुसऱ्या शाळेतून त्या वर्षी नव्याने आलेल्या मुलींपैकी सामन्याच्या यादीत, राखीव धरून, तिघीच. विभावरीने मंदाला शब्द दिला तेव्हा नवी मुलगी एकच होती. आता चार झाल्या.

“एक जण बाहेर बसेल,” ती म्हणाली.

“बसेल,” ग्रेग म्हणाला. “कोण ते तू ठरव. कोच तू आहेस.”

फेब्रुवारी-मार्चमध्ये सराव सुरू झाला. संघमित्राचं काम बघायला बाकीच्या मुली थांबायच्या. हॉलीने तर दुसऱ्याच आठवड्यात हसत ग्लव्हज काढून तिला दिले आणि म्हणाली, “थँक गॉड.” टेगन वेगवान होती, रोटोरुआची बॅक भिंतीसारखी पक्की. कर्स्टन आणि निवेदिता एकाच जागेच्या दोघी. कर्स्टन थोडी उजवी, पण थोडीच. विभावरीने वहीत दोन्ही बाजू लिहून पाहिल्या. संघमित्रा आणि हॉली यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. कर्स्टन आणि निवेदिता यांच्यात उन्नीस-बीस. म्हणजे कर्स्टन बाहेर बसवायची, निवेदिताला मध्ये खेळवायचं, गोलमध्ये संघमित्रा. फुटबॉल म्हणून बघितलं तर उत्तर सरळ होतं.

एप्रिलच्या शेवटच्या सरावाला टेगनचे वडील कडेला उभे होते. हातात कॉफी. विभावरी शंकू गोळा करत त्यांच्याजवळून गेली तेव्हा ते हसून म्हणाले, “मग तुमची मुलगी आणि ती दुसरी इंडियन मुलगी, दोघी पक्क्या तर?”

“अजून यादी लागलेली नाही,” ती म्हणाली.

“नाही, नाही, तसं काही नाही. माणूस आपल्या माणसांना बघणारच. मीही तेच केलं असतं.”

ते खरंच चांगुलपणाने बोलले. विभावरी गाडीत जाऊन बसली आणि तिचे कान तापले. तिला पुढचा सगळा हंगाम दिसायला लागला. प्रत्येक शनिवारी कर्स्टन कडेला बसलेली, निवेदिता मैदानात, गोलमध्ये संघमित्रा, आणि कॉफीचे पेले हातात धरून उभे असलेले आईबाप. निवेदिताचा एक पास चुकला की ते एकमेकांकडे बघणार. दहा वर्षं या देशात तिने कारखान्यात प्रत्येक खोक्याचं माप दोनदा घेतलं होतं, कारण तिची चूक ही नुसती चूक ठरत नसे. त्या माणसांना तिला बोट ठेवायला जागा द्यायची नव्हती.

रविवारी दुपारी तिने श्यामला सांगितलं, “कर्स्टनला घेतेय. निवी राखीव.”

“मग चौथी कोण? बाहेर कोण?”

ती वहीची पानं चाळत राहिली.

“विभा, त्या लोकांनी घर बदललंय.”

“मला माहितीये.”

“मग?”

“मग काय? निवीला घेतलं तर म्हणतील पोरीसाठी केलं. मला ते नकोय.”

श्याम इस्त्री करत होता. त्याने इस्त्री उभी ठेवली. “तुला ते नकोय, म्हणून मित्रा बाहेर?”

“पुढच्या वर्षी ती नवी नसेल. पुढच्या वर्षी गोल तिचाच.”

“बरं. निदान यादी लावायच्या आधी त्यांना फोन कर. मंदाताईंना कर, मग लाव.”

“उद्या सकाळी करते,” विभावरी म्हणाली.

सोमवारी सकाळी कारखान्यात एका गिऱ्हाइकाची तक्रार आली होती. त्यात नऊ वाजले, मग साडेदहा. फोन करता आला असता. तिने एकदा नंबर काढलाही, आणि मग मंदा प्रयोगशाळेत कामात असेल अशी स्वतःची समजूत घालून फोन खिशात ठेवला. बारा वाजता शाळेच्या अ‍ॅपवर तिने आदल्या रात्री भरून ठेवलेली यादी आपोआप लागली. संघमित्राने ती गणिताच्या तासाला पाहिली.

पाऊण वाजता मंदाचा फोन आला. विभावरी जेवणाच्या खोलीत होती. डबा उघडा होता.

“विभावरीताई, हे काय आहे? पोरगी टॉयलेटमध्ये बसून रडून राहिली. म्हणते, सेकंड इलेव्हन. काही चूक झाली असेल ना?”

“मंदाताई, मी तुम्हाला फोन करणारच होते. नियम असा आहे की…” आणि तिने नियम सांगितला. तिघीच, राखीव धरून. तिने नीट, सावकाश सांगितला, कारखान्यात नव्या माणसाला सांगते तसा.

मग मंदा म्हणाली, “नियम मला मुलीनं सांगितला. मी हे विचारते, की चौघींतली चौथी आमचीच कशी?”

“संघाचा तोल बघावा लागतो.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“पुढच्या वर्षी…”

“पुढच्या वर्षी कोण कोण येईल, ते तुम्हाला तरी माहीत आहे का?” मंदा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “आम्ही परतही नाही जाऊ शकत. तिकडं गेली तर तिथं पुन्हा नवी ठरते. हे तुम्हाला ठाऊक होतं. ठेवते.”

हंगाम सुरू झाला. संघ चांगला खेळला. टेगनने अकरा गोल केले, कर्स्टन मध्ये छान दिसली. हॉली गोलमध्ये उभी राहिली आणि जे अंगावर आलं ते अडवलं. बाजूला गेलेलं जाळीत गेलं. तीन सामने त्यामुळे हरले, पण आठांत चौथा नंबर आला आणि संघ उपांत्य फेरीत पोचला. जुलैच्या बातमीपत्रात मुख्याध्यापकांनी लिहिलं की स्वतःच्या मुलीलाही राखीव बसवणारी कोच शाळेला लाभली, हे शाळेचं भाग्य. त्याच शनिवारी टेगनचे वडील विभावरीला येऊन म्हणाले, “गुड ऑन यू.” तिने थँक यू म्हटलं.

संघमित्रा दुसऱ्या संघातून खेळत होती. त्यांचे सामने मागच्या मैदानावर, झाडांच्या पलीकडे असायचे. विभावरीने वेळ काढला असता तर ते पाहता आले असते. ती एकदाच गेली. बॅकच्या मुली गप्पा मारत होत्या. चेंडू अर्ध्या मैदानात गेला की संघमित्रा खांबाला टेकून उभी राहायची. मंदाची छत्री कुठे दिसली नाही. जूनअखेर दुसऱ्या संघाच्या मॅनेजरने कळवलं की मित्रा आता येत नाही. शनिवारी ती सुपरमार्केटात काम करते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कर्स्टनचा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी हंगाम संपला म्हणून सांगितलं. आणि उपांत्य सामन्याच्या चार दिवस आधी, मंगळवारच्या सरावात, हॉलीचं बोट मोडलं. विभावरी तिला बर्फ लावत असतानाच तिच्या डोक्यात हिशेब झाला. तिघींतली एक जागा रिकामी. गोल रिकामा. पोरीचं बोट हातात असताना आपल्याला हलकं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने मान खाली घातली.

बुधवारी साडेचारला ती न्यू लिनच्या युनिटवर गेली. दार मंदाने उघडलं. तिने आत घेतलं, पाणी दिलं, आणि समोर बसली. चंद्रहास घरूनच काम करत होता. तो लॅपटॉप बंद करून आला. संघमित्रा कामावर निघायच्या बेतात होती, सुपरमार्केटचा हिरवा शर्ट अंगात होता. ती बसली नाही.

“हॉलीचं बोट मोडलंय,” विभावरी म्हणाली. “शनिवारी सेमीफायनल आहे. मित्रा, गोल तुझा. निवड समितीची माणसं येणार आहेत.”

“आय’म वर्किंग सॅटरडे,” संघमित्रा म्हणाली.

“मी बोलते तुझ्या मॅनेजरशी. एक दिवस बदलून देतील.”

“नो. आय’म गुड. थँक्स, कोच.”

विभावरीला ‘काकू’ ऐकायचं होतं. ते आपल्याला ऐकायचं होतं हे तिला त्या क्षणी कळलं. ती म्हणाली, “मी चुकले. आधीच यायला हवं होतं. पण तू स्वतःवर राग काढू नकोस. खेळ तुझा आहे.”

“आय नो,” संघमित्रा म्हणाली. थोडं थांबून, आईकडे बघत, ती मोडक्या मराठीत म्हणाली, “मला आता आवडत नाही.” आणि आत गेली.

चंद्रहास इतका वेळ हातावर हात ठेवून बसला होता. “विभावरीताई,” तो म्हणाला, “तुम्ही आमच्याकडे दोनदा आलात. दोन्ही वेळा तुमच्या टीमला गरज होती.”

“तसं नाही हो.”

“मग मे महिन्यात का नाही आलात?”

तिच्याकडे उत्तर होतं. टेगनचे वडील, कॉफी, ‘दुसरी इंडियन मुलगी’. दुसऱ्याच्या एका वाक्याला ती घाबरली होती, आणि त्याची किंमत या घराने दिली होती. हे या घरात बसून कसं सांगणार? मंदा उठली. “चहा टाकू का?” तिने विचारलं, आणि तिच्या विचारण्यात इतकी रीत होती की विभावरी नको म्हणून निघालीच.

शनिवारी गोलमध्ये निवेदिता उभी राहिली. तिने आपणहून हात वर केला होता; तिला गोलकीपिंगमधलं काही येत नव्हतं. चार गोल झाले. तिसऱ्यानंतर ती गुडघ्यावर बसून चिखलाकडे बघत राहिली, मग उठली. सामना चार-एक असा संपला.

घरी जाताना गाडीत निवेदिताने बूट काढून पाय डॅशबोर्डवर ठेवले. एरवी विभावरी ओरडली असती.

“तू मला कधी विचारलंच नाहीस,” निवेदिता म्हणाली. ती नेहमीसारखी इंग्रजीतच बोलत होती. “मित्राला घे, कर्स्टनला बसव, आणि मलाही बसव. माझ्या जागी तू कोणालाही खेळवू शकली असतीस. पेनीला, आनाला. कोणालाही.”

विभावरीने गाडी चालवणं चालू ठेवलं. चार महिन्यांत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कर्स्टनही बाहेर, निवेदिताही बाहेर, गोलमध्ये संघमित्रा. मध्ये एक साधी मुलगी. कोणी बोट ठेवू शकलं नसतं.

“सगळे म्हणत होते तू एकदम फेअर आहेस,” निवेदिता म्हणाली. “मला वाटलं तू घाबरलीस.”

“मित्रा बोलते का तुझ्याशी?”

“बोलते. तुझ्याबद्दल नाही बोलत.”

ऑक्टोबरमध्ये ग्रेगने तिला कॉफीला बोलावलं. पुढच्या वर्षासाठी शाळा पगारी कोच आणत होती, क्लबांत काम केलेला माणूस. विभावरीचं योगदान कोणी विसरणार नव्हतं. तिच्यासाठी वेगळी भूमिका योजली होती.

“तुझी त्या कम्युनिटीत ओळख आहे,” ग्रेग म्हणाला. “मित्रासारख्या अजून दोन-तीन मुली असतील ना? तुझ्या शब्दावर आईबाप येतात. ते आम्हाला जमत नाही.”

“मित्रा खेळत नाही आता.”

“हो, वाईट झालं. पण तू तिला आणलंस कसं, ते महत्त्वाचं. ती फॅमिली घर बदलून आली! आम्ही मीटिंगमध्ये ते उदाहरण देतो.”

विभावरीने कप खाली ठेवला. तिला काहीतरी जोरात म्हणायचं होतं. पण ग्रेग खोटं बोलत नव्हता. तीन वर्षं तिने पोरींना चेंडू थांबवायला शिकवलं होतं, आणि शाळेला तिचं जे काम सगळ्यात उपयोगी वाटलं ते एका दुपारी हिल्सबरोच्या घरात चहा पिताना केलेलं होतं.

“माझ्या शब्दावर आता कोणी येणार नाही,” ती म्हणाली. “मी येत नाही, ग्रेग.”

घरी आल्यावर श्याम म्हणाला, “बरं केलंस.” तिने त्याला थांबवलं. कोच म्हणून ठेवलं असतं तर ती राहिली असती, आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी कोणाच्या घरी चहा प्यायला गेली असती. हे तिला स्पष्ट दिसत होतं, आणि ते ‘बरं’ नव्हतं.

२०१८च्या हंगामाआधी टिटोकीत पाच नव्या मुली आल्या. त्यांतली एक गोलकीपर होती, ऑस्ट्रेलियाची. निवेदिताने तेरावीला फुटबॉल सोडून नेटबॉल घेतलं. संघमित्रा तेरावीला केमिस्ट्रीत पहिली आली असं निवेदिताकडून कळलं, आणि पुढे ती डनीडनला शिकायला जाणार असंही.

पुढच्या वर्षी महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला माऊंट रॉस्किलच्या हॉलमध्ये विभावरी जेवणाच्या रांगेत उभी होती. पुढे बघते तर मंदा. टाळणं शक्य नव्हतं. मंदाबरोबर एक बाई होती, नवीनच दिसत होती. अंगात भारतातून आणलेला जाड स्वेटर.

“बरं झालं भेटलात,” मंदा म्हणाली. “ह्या पुण्याहून आल्यात, तीन महिने झाले. ह्यांची मुलगी फुटबॉल खेळते, दहावीला आहे. कुठल्या कॉलेजात घालावं विचारतात. मी म्हटलं, मला काय कळतं.” मग ती त्या बाईकडे वळली. “ह्या विभावरीताई. आमच्या संघमित्राच्या कोच होणार होत्या.”

बाई खूश झाली. “अय्या, कोच? मग तुम्हीच सांगा ना. जिथे चांगली टीम असेल तिथे घर घ्यायला आम्ही तयार आहोत. हिचे बाबा म्हणतात, एवढं आलोच आहोत तर…”

“जिथे राहताय तिथल्या जवळच्या शाळेत घाला,” विभावरी म्हणाली.

“पण तिथली टीम कशी असेल?”

“कशीही असली तरी.”

बाईचा चेहरा पडला. तिला काही तरी आतली गोष्ट हवी होती, आणि ही बाई ती सांगायला तयार नाही असं तिला वाटलं. ती मंदाकडे बघायला लागली. मंदा तोवर ताट घेऊन पुढे गेली होती आणि वाढणाऱ्या मुलाला भात कमी वाढ म्हणून सांगत होती.